फिजिक्समध्ये दोन: पाच एपी स्कोअर आणि एक ॲप्लिकेशन

प्रकरण असं आहे. शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरातलं मराठी घर. थोरली मुलगी सार्वजनिक हायस्कूलमध्ये, अकरावी संपवून बारावीत जाणारी. जुलै २०२४ मध्ये तिच्या एपी परीक्षांचे, म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंटचे, निकाल आले. कॅल्क्युलस बीसी (एपीतलं वरच्या पातळीचं कॅल्क्युलस) ५, इंग्लिश लँग्वेज ४, अमेरिकेचा इतिहास ३, फिजिक्स वन २. त्याआधी दहावीत कॉम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्समध्ये ४. या परीक्षांत १ ते ५ असे स्कोअर असतात, पाच सर्वात वर. मुलीला जायचंय मेकॅनिकल इंजिनिअरिंगला, आणि नेमका फिजिक्सचाच स्कोअर सगळ्यात खाली.

इथल्या मराठी मंडळाच्या ओळखीतून बारावीची मुलं आणि त्यांचे आईवडील माझ्याकडे कॉलेजच्या ॲप्लिकेशनबद्दल विचारायला येतात. इथे लिहिलेलं एकाच घराचं नाही. दोन-तीन घरांतले तपशील एकत्र करून, ओळख पटणार नाही असं मांडलं आहे. आकडे आणि नियम मात्र जसेच्या तसे.

वडिलांचा पहिला प्रश्न होता, "वहिनी, आता हिला इंजिनिअरिंगला घेणार कोण?"

प्रश्न घाबरून विचारलेला, पण वेड्यासारखा नव्हता. त्यांनी १९९६ साली साताऱ्यातून बारावी केली. तेव्हा महाराष्ट्रात इंजिनिअरिंगसाठी सीईटी नव्हती. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सच्या मार्कांची बेरीज, बेरजेवरून यादी, यादीतल्या नंबरावरून कॉलेज आणि ब्रँच. एका मार्काने मेकॅनिकल हुकून सिव्हिल घेतलेले लोक त्यांच्या वर्गात होते. अशा माणसाला फिजिक्समधला २ म्हणजे यादीतून नाव कटल्यासारखं वाटणार, यात नवल नाही. अमेरिकेतली गंमत अशी की या आकड्यांपैकी निम्मे प्रवेश ठरवणाऱ्यापर्यंत पोचतच नाहीत, आणि जे पोचतात त्यातले कोणते पोचवायचे हे बरंचसं मुलांच्या हातात असतं.

आधी कॅलेंडर

एपी परीक्षा मे महिन्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत होतात. निकाल जुलैच्या सुरुवातीला. आता ॲप्लिकेशनच्या तारखा बघा: लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर, नेहमीच्या फेरीची १ जानेवारीच्या आसपास, निकाल मार्चअखेरपर्यंत, आणि कुठे जायचं हे मुलांनी कळवायची नेहमीची तारीख १ मे. म्हणजे बारावीतल्या एपी परीक्षा सुरू व्हायच्या आत कॉलेज ठरलेलं असतं. पाच विषय घेऊन बारावीच्या मे महिन्यात मुलं रात्ररात्र जागतात, त्या पाचही स्कोअरचा प्रवेशाशी संबंध शून्य. प्रवेशासाठी हाती असतात ते फक्त अकरावीपर्यंतचे.

हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मग बारावीत एपी घ्यायचेच कशाला?" तर तिथेच खरी मेख आहे. परीक्षेचा स्कोअर वेगळा आणि वर्गातली ग्रेड वेगळी. एपी म्हणजे आधी वर्षभराचा एक कोर्स. शिक्षक त्याची ग्रेड देतात आणि ती ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या गुणपत्रकावर, चढते. मे महिन्यातली परीक्षा कॉलेज बोर्ड घेतं, न्यूयॉर्कची ना-नफा संस्था. (ना-नफा खरी, पण नाव नोंदवायला फी, उशिरा नोंदवलं तर फी, स्कोअर पाठवायला फी, एखादा स्कोअर एखाद्या कॉलेजपासून रोखून धरायलाही फी.) बारावीत कोणते कोर्स घेतलेत ही यादी ॲप्लिकेशनमध्येच दिसते, आणि पहिल्या सत्राच्या ग्रेड वर्षाच्या मध्यात शाळा पाठवते त्या मिडइयर रिपोर्टमधून जातात. आपल्या शाळेत जे सर्वात अवघड मिळत होतं ते या मुलीने घेतलं का, आणि घेतल्यावर तिथे टिकली का, एवढंच अर्ज वाचणारा बघतो. त्यासाठी शाळा आपली माहिती देणारं एक पत्रक जोडते. शाळेत तीनच एपी असतील तर तीन घेतलेली मुलगी कमी ठरत नाही. पंचवीस असताना दोन घेतले तर मात्र प्रश्न पडतो. काउन्सेलरलाही, म्हणजे शाळेतल्या सल्लागारालाही, फॉर्मवर खूण करायची असते की शाळेतल्या इतरांच्या मानाने या मुलीचा अभ्यासक्रम किती कठीण होता.

या मुलीच्या फिजिक्स वनच्या दोन्ही सत्रांच्या ग्रेड ए होत्या. वर्गात ए आणि परीक्षेत २. हे विचित्र वाटतं, पण दुर्मिळ नाही. २०२४ मध्ये फिजिक्स वनला बसलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त जणांना ३ च्या खाली मिळालं. ५ मिळवणारे साधारण दहात एक. कॅल्क्युलस बीसीत त्याच वर्षी जवळजवळ निम्म्यांना ५ होता. यावरून कॅल्क्युलस सोपं असं ठरत नाही. बीसीला बसतात ती मुलं मुळात गणितात पुढची, आणि फिजिक्स वनला बसतो अख्खा वर्ग. त्यामुळे पाच आणि दोन हे आकडे शेजारी ठेवून तीन पायऱ्यांचा फरक मोजण्यात अर्थ नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचा हिशेब बघितला की ग्रेड आणि स्कोअर किती वेगळे चालतात ते समजतं. तिथे एसएटी, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीची सर्वसाधारण परीक्षा, बघतच नाहीत. जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढताना एपी कोर्सला सीपर्यंतच्या ग्रेडवर एक गुण वाढवून देतात, जास्तीत जास्त आठ सत्रांसाठी. हा वाढीव गुण कोर्सच्या ग्रेडवर. मे महिन्यातल्या परीक्षेला बसलाच नाहीत तरी मिळतो. परराज्यातल्या मुलांच्या बाबतीत तर शाळेचे साधे ऑनर्स (जरा वरच्या पातळीचे) कोर्स मोजत नाहीत, एपी आणि आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) मोजतात. इलिनॉयमधून, म्हणजे शिकागोच्या राज्यातून, या विद्यापीठाच्या बर्कलीला अर्ज करणाऱ्या मुलीला हे माहीत असावं. वडिलांनी ते वहीत उतरवून घेतलं. वहीच्या त्या पानाला त्यांनी "नियम" असं नाव दिलं होतं, आणि प्रत्येक विद्यापीठाचा नियम निराळा निघत गेल्यावर पान पुरेना.

दाखवायचे कोणते

ऑगस्टमध्ये कॉमन ॲप्लिकेशनचा, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना एकच चालतो तो, फॉर्म उघडला. त्यातल्या टेस्टिंगच्या भागात एपी स्कोअर स्वतः भरायचे असतात, आणि भरायचे की नाही हेही स्वतःच ठरवायचं असतं. अधिकृत कागद त्या वेळी बहुतेक ठिकाणी लागत नाही. प्रवेश मिळाल्यावर, जिथे जायचं त्या एकाच कॉलेजला पाठवायचा. भरलेलं खरं असायला हवं, एवढं उघड आहे.

मुलीने विचारलं, "काकू, दोन नाही लिहिला तर ते लपवणं नाही का होत?" मला हा प्रश्न आवडला. उत्तर असं की फॉर्म तुम्हाला कळवायचे असतील ते स्कोअर विचारतो, सगळे विचारत नाही. ज्या कॉलेजला सगळे हवेत ते तसं स्पष्ट लिहितं. येल घ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये येलने जाहीर केलं की एसएटी, एसीटी (एसएटीसारखीच दुसरी परीक्षा), एपी किंवा आयबी यांपैकी कोणत्याही परीक्षेचे स्कोअर देऊन परीक्षेची अट पूर्ण करता येईल. पण एपीच्या दाराने आलात तर दिलेल्या सर्व एपी परीक्षांचे स्कोअर द्यायचे, निवडून नव्हे. या मुलीचा एसएटी चांगला होता. त्यामुळे येलसाठी अर्ज केलाच तर एसएटीच्या दाराने, असं ठरलं. त्या दोनसाठी वेगळं काही करायची गरजच उरली नाही.

काही शाळा एपीचे स्कोअर ट्रान्स्क्रिप्टवरच छापतात. तसं असेल तर फॉर्ममध्ये गाळून उपयोग नाही. म्हणून मी पहिल्यांदा मुलीला काउन्सेलरकडे पाठवलं. त्यांच्या शाळेत छापत नाहीत असं कळलं, तेव्हा कुठे पुढची चर्चा सुरू झाली. लोक हे विचारायचं विसरतात आणि मग महिनाभर भलत्याच गोष्टीवर डोकं खपवतात.

वडिलांची कल्पना तर त्याहून टोकाची होती. कॉलेज बोर्डाला अर्ज देऊन स्कोअर रद्दच करून टाकायचा. तशी सोय आहे, फुकट आहे, आणि कायमची आहे. एकदा रद्द केला की तो परत येत नाही. मी नको म्हटलं. ज्याला तो दोन दिसू नये असं तुम्हाला वाटतं त्याला तो आपोआप दिसत नाहीये, मग पुसायचा कशाला?

कॅल्क्युलसचा ५ आणि दोन्ही ४ भरायचे, दोन गाळायचा, इथपर्यंत एकमत झालं. घोळ झाला तो इतिहासाच्या ३ वर. आई म्हणे, "तीन म्हणजे पासच ना?" कॉलेज बोर्डाच्या शब्दांत ३ म्हणजे पात्र. पण २०२४ ला या विषयात वेगळंच घडलं होतं. आदल्या वर्षी ३ किंवा जास्त मिळवणारे ४८ टक्क्यांच्या आसपास होते, ते एकदम ७२ टक्क्यांवर गेले. मुलं वर्षात एवढी हुशार झाली नव्हती. कॉलेज बोर्डाने कोणत्या उत्तरांना किती स्कोअर द्यायचा याची रेघ नव्याने आखली होती, आणि एकामागोमाग एक विषयांत ते चालू होतं. त्यांचं म्हणणं, कॉलेजच्या त्याच कोर्समध्ये मुलं कशी चालतात याच्याशी आता स्कोअर जास्त जुळतो. टीकाकारांचं म्हणणं, हा स्कोअर फुगवण्याचाच प्रकार. दोन्हींत काही तथ्य असेल. पण कॉलेजच्या कचेरीत हजारो अर्ज वाचणाऱ्या माणसाला ७२ टक्क्यांना मिळालेल्या गोष्टीचं कौतुक वाटेल असं मला वाटत नाही. मी सांगितलं, निवडक खाजगी विद्यापीठांना ३ नको, राज्याच्या विद्यापीठाला लिहिला तरी चालेल. त्याने काही बिघडत नाही आणि फारसं साधतही नाही. आईला हे पटलं नाही, तिने दोन्हीकडे लिहायला लावला. घर त्यांचं.

मग एक शंका उरतेच: ट्रान्स्क्रिप्टवर एपी फिजिक्स दिसतंय, स्कोअर दिसत नाही, तर वाचणारा अंदाज नाही का करणार? करेल. पण स्कोअर न दिसण्याची कारणं बरीच असतात. काही शाळांत परीक्षा ऐच्छिक असते, काही मुलं फीमुळे बसत नाहीत. एका परीक्षेला शंभर डॉलरच्या घरात पैसे पडतात. छापील २ मध्ये मात्र शंकेला जागाच राहत नाही.

फिजिक्सचं काय करायचं

हा मुद्दा मी जास्त वेळ लावून धरला, कारण गाळलेला स्कोअर म्हणजे उत्तर नव्हे. मेकॅनिकलला जाणाऱ्या मुलीच्या अर्जात फिजिक्स कुठे तरी ठाम दिसायला हवं.

पहिला विचार पुन्हा परीक्षा देण्याचा. एपी परत देता येते, पण पुढच्या मे महिन्यातच, म्हणजे अर्जाच्या दृष्टीने निकामी. शिवाय दोन्ही वेळचे स्कोअर नोंदीत राहतात. ते बाद.

दुसरा, बारावीत फिजिक्स सी घेणं. ही कॅल्क्युलसवर आधारलेली परीक्षा, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाशी जवळीक सांगणारी. शाळेतल्या शिक्षकांनी आधी कुरकुर केली: फिजिक्स वनच्या परीक्षेत दोन आणि आता थेट सी? पण ते दोन कशामुळे होते हे मुलीबरोबर बसून बघितलं तर चित्र वेगळं होतं. फिजिक्स वनच्या पेपरात आकडेमोडीपेक्षा वाक्यांत कारण लिहा, प्रयोग आखून दाखवा असे प्रश्न बरेच असतात. ही मुलगी समीकरण मांडून उत्तर काढण्यात तरबेज, पण "का" विचारलं की दोन ओळींत आटपायची. हे सुधारता येण्यासारखं होतं, आणि सीमध्ये तिचं कॅल्क्युलस तिच्या बाजूने होतं. तिने सी घेतलं. पहिल्या सत्रात ए मिळाला. डिसेंबर-जानेवारीत तो मिडइयर रिपोर्टमधून सगळीकडे गेला.

तिसरी गोष्ट म्हणजे शिफारसपत्र. तिला हवं होतं इंग्लिशच्या शिक्षिकेचं, कारण त्या प्रेमळ होत्या. मी म्हटलं एक त्यांचं घे, दुसरं फिजिक्सच्या सरांचंच. ज्या सरांनी वर्गात ए दिला, तेच लिहू शकतात की ही प्रयोगशाळेत कशी वागते, चुकल्यावर काय करते. परीक्षेच्या तीन तासांतून न दिसणारं तेच. सरांनी काय लिहिलं ते आम्ही पाहिलं नाही, पाहायचंही नसतं. पत्र वाचायचा हक्क सोडला तर कॉलेज त्यावर जास्त विश्वास ठेवतं.

हे सगळं करताना मला एक जाणवत होतं: गेल्या काही वर्षांत एपीचं वजन निवडक ठिकाणी थोडं वाढलंय. कॉलेज बोर्डाने जानेवारी २०२१ मध्ये एसएटीच्या विषयवार परीक्षा बंद केल्या. त्या आधी एखाद्या विषयातली पकड दाखवायला त्या असायच्या. आता शाळेबाहेरचा, विषयवार पुरावा म्हणून एपीच उरलं. त्यातच कोविडनंतर बहुतेक ठिकाणी एसएटी ऐच्छिक झाली, मग काहींनी परत आणली. एमआयटीने २०२२ मध्ये, डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेकने २०२४ मध्ये. या उलथापालथीत चांगला ५ असला तर तो दाखवावाच. पण फायदा ५ चा, आणि तोही भर घालण्यापुरता. ट्रान्स्क्रिप्टची जागा तो घेत नाही.

पुण्याचा भाचा

या प्रकरणाला एक फाटा फुटला तो इथे सांगायला हवा. मुलीच्या मावशीचा मुलगा पुण्यात बारावीला, त्यालाही अमेरिकेला यायचं. मावशीने फोनवर हे सगळं ऐकून घेतलं आणि निष्कर्ष काढला की एपीचा स्कोअर काही कामाचा नाही, मग उगाच खर्च कशाला.

तिच्या मुलाच्या बाबतीत गणित उलटं आहे. त्याच्या शाळेत एपीचा कोर्सच नाही. तो राज्य मंडळाचा अभ्यास करून बाहेरून एपी परीक्षेला बसतो. ट्रान्स्क्रिप्टवर एपीची ग्रेड नाही, शिक्षकाचं मत नाही, शाळेच्या पत्रकात उल्लेख नाही. त्याने कॅल्क्युलस कॉलेजच्या पातळीवर केलंय हे सांगणारा पुरावा म्हणजे तो स्कोअर, दुसरा काही नाही. म्हणून त्याने परीक्षा अकरावीतच द्यायला हवी होती, म्हणजे बारावीत अर्ज करताना हाती असती. तिकडे केंद्रं मोजकी, बाहेरच्या मुलांना घेणारी त्याहून मोजकी, आणि नोंदणी शरद ऋतूत करावी लागते. फीसुद्धा अमेरिकेपेक्षा जास्त.

आणि ब्रिटनलाही अर्ज करायचा असेल तर पुन्हा वेगळं. तिथली विद्यापीठं अनेकदा अट घालून प्रवेश देतात: अमुक विषयांत अमुक स्कोअर आला तर जागा तुझी. ऑक्सफर्ड-केंब्रिजसारख्या ठिकाणी एपीच्या मार्गाने गेलात तर अनेक विषयांत ५ लागतात. तिथे बारावीच्या मे महिन्यातली परीक्षा जागा देते किंवा घालवते. साताऱ्याच्या यादीसारखंच म्हणा. मुलीच्या वडिलांना हे ऐकून बरं वाटलं असावं, ते म्हणाले, "हे कसं, सरळ आहे."

निकाल, आणि मग खरा हिशेब

राज्याच्या मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. पूर्वेकडच्या एका खाजगी विद्यापीठाने नाही म्हटलं, दुसऱ्याने प्रतीक्षायादीत ठेवलं. नकार ऐकल्यावर वडिलांनी लगेच दोनकडे बोट दाखवलं. तो दोन त्या विद्यापीठाला कळवलेलाच नव्हता, हे त्यांना पुन्हा सांगावं लागलं. इतक्या कमी जागा असलेल्या ठिकाणी नकाराचं एक कारण शोधणं हा वेळ घालवायचा उद्योग आहे.

एप्रिलमध्ये मुलगी माझ्याकडे वेगळाच प्रश्न घेऊन आली. नोव्हेंबरात तिने बारावीच्या पाच परीक्षांची नोंदणी केली होती: फिजिक्स सीच्या दोन्ही (मेकॅनिक्स, आणि इलेक्ट्रिसिटी ॲण्ड मॅग्नेटिझम), स्टॅटिस्टिक्स, इंग्लिश लिटरेचर, कॉम्प्युटर सायन्स ए. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत नोंदणी करावीच लागते, तेव्हा कुणाला कुठे जायचंय हे माहीत नसतं. आता माहीत झालं. मग पाचही द्यायच्या का? परीक्षेला न बसल्यास चाळीस डॉलर कापून बाकीचे पैसे परत मिळतात. आम्ही विद्यापीठाचा क्रेडिटचा, म्हणजे पदवीच्या हिशेबात काय जमा धरलं जातं त्याचा, तक्ता उघडला. असा तक्ता प्रत्येक विद्यापीठ छापतं: कोणत्या विषयातला कोणता स्कोअर म्हणजे कोणता कोर्स. स्कोअरची खरी किंमत कळते ती या तक्त्यात, आणि ती कळायची वेळ येते प्रवेशानंतर.

इलिनॉयमध्ये कायदा आहे की राज्याच्या सार्वजनिक कॉलेजांनी आणि विद्यापीठांनी ३ किंवा जास्त स्कोअरला क्रेडिट द्यायचं. म्हणजे इतिहासाचा तो ३, ज्याच्यावरून आई आणि मी भांडलो, तो इथे खरोखर कामाला आला. टेक्सासमध्येही असाच कायदा आहे. खाजगी विद्यापीठांवर असा दबाव नाही. कॅलटेक एपीला क्रेडिट देतच नाही. ब्राउनमध्ये पदवीच्या कोर्सांत ते धरत नाहीत, वरच्या वर्गात बसायला मात्र उपयोग होतो. एमआयटीत कॅल्क्युलस बीसीत ५ असेल तर पहिला कॅल्क्युलस माफ. डार्टमथने २०१८ साली पदवी घेणाऱ्या तुकडीपासून पदवीसाठीचं क्रेडिट बंद केलं. त्यामागे मानसशास्त्र विभागाचा एक प्रयोग सांगितला जातो: एपी मानसशास्त्रात ५ मिळवून आलेल्या शंभरावर मुलांना विभागाने आपल्या पहिल्या कोर्सच्या अंतिम परीक्षेची छोटी आवृत्ती दिली, आणि नव्वद टक्के नापास झाली. कॉलेज बोर्डाने त्या प्रयोगाच्या पद्धतीवर आक्षेप घेतला होता, आणि ऐन सप्टेंबरात अभ्यास न करता दिलेली परीक्षा हा निकष कितपत न्याय्य, हा प्रश्न रास्तच आहे. तरी मी ती गोष्ट प्रत्येक घरात सांगते, का ते पुढे येईल.

तक्ता बघून लिटरेचरची परीक्षा रद्द केली. आधीच्या इंग्लिशच्या ४ ने जे मिळणार होतं, त्यात तिची काही भर पडत नव्हती. उरलेल्या चार दिल्या. २०२५ पासून बऱ्याच एपी परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या. फिजिक्ससारख्या विषयांत प्रश्न पडद्यावर आणि लांब उत्तरं कागदावर अशी मिश्र पद्धत आहे. तिला त्याची सवय व्हायला एक सराव पेपर पुरला. वर्षातून एका कॉलेजला स्कोअर फुकट पाठवता येतात, त्याची मुदत २० जून. तिने विद्यापीठाचं नाव घातलं. त्या अहवालात सगळे स्कोअर जातात. फिजिक्स वनचा दोनसुद्धा गेला. तो पोचला रजिस्ट्रारकडे, आणि त्यांना दोनशी काही देणंघेणं नसतं. क्रेडिट नाही, एवढंच. वडिलांना मात्र तो दहा डॉलर भरून रोखायचा होता. त्या दहा डॉलरवर आमची बरीच चर्चा झाली, आणि शेवटी ते पैसे वाचले.

जुलै २०२५ चे स्कोअर: फिजिक्स सी मेकॅनिक्स ४, इलेक्ट्रिसिटी ॲण्ड मॅग्नेटिझम ३, स्टॅटिस्टिक्स ५, कॉम्प्युटर सायन्स ए ५.

वडिलांनी वहीत क्रेडिटची बेरीज केली आणि विचारलं, "म्हणजे अख्खं सत्र वाचलं. फी किती कमी?" इथे बऱ्याच घरांची फसगत होते. अनेक विद्यापीठांत पूर्णवेळ विद्यार्थ्याची फी सत्राची ठोक असते. बारा क्रेडिट घ्या की अठरा, रक्कम तीच. एपीने वीस-पंचवीस क्रेडिट आणली म्हणून पहिल्या वर्षाचं बिल कमी होत नाही. पैसे वाचतात ते एखादं सत्र खरोखर आधी पदवी घेतली तर. इंजिनिअरिंगमध्ये ते जमणं अवघड, कारण कोर्सांची साखळी असते: हा झाल्याशिवाय तो नाही. इतिहासाचं क्रेडिट त्या साखळीत कुठेच बसत नाही. ते बाजूला पडून राहतं, एक ऐच्छिक विषय भरून काढतं.

साखळीत बसतं ते कॅल्क्युलस आणि फिजिक्स. बीसीच्या ५ मुळे तिला दोन कॅल्क्युलस सोडून थेट तिसऱ्यात बसता येत होतं. तिला तेच हवं होतं. मी तिला विभागाचा दुसऱ्या कॅल्क्युलसचा जुना अंतिम पेपर मिळवून, घड्याळ लावून सोडवायला सांगितलं. डार्टमथची गोष्ट सांगायची ती यासाठी. तिने सोडवला. अनंत मालिकांचा एक प्रश्न सुटला नाही, बाकी जमलं. ती तिसऱ्यात बसली.

फिजिक्सबद्दल निर्णय तिने स्वतः घेतला. तक्त्यानुसार काय मिळतंय हे बघायच्या आधीच तिने ओरिएंटेशनमधल्या सल्लागाराला सांगितलं की मेकॅनिक्स मी पहिल्यापासून करणार. सल्लागार म्हणाले, आमच्याकडे येणारी निम्मी मुलं उलटं मागतात. ऑगस्टच्या वेळापत्रकात सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी मेकॅनिक्स, त्यानंतर तिसरं कॅल्क्युलस. स्टॅटिस्टिक्सच्या ५ मुळे एक तास मोकळा झाला, त्यात तिने मशीन शॉपचा छोटा कोर्स घातला. त्याला क्रेडिट एकच आहे आणि पदवीच्या हिशेबात ते लागतही नाही, म्हणून वडिलांची त्यावर नाराजी अजून आहे.